कृश देह आणि लपलेला मेद

‘‘अंगावर मूठभर मांस नाहीं, गोडाची फारशी आवड नाहीं, मग यांना मधुमेह व्हावा तरी कसा?’’ हा प्रश्न ज्या घरांत एकदां तरी विचारला गेला नाहीं असें घर आज आपल्या समाजांत सांपडणें कठीण. पन्नाशीच्या आंतले, सडसडीत बांध्याचे, कधीं अंथरुणाला न खिळलेले घरांतील एखादे काका विम्याच्या निमित्तानें रक्त तपासून घेतात आणि त्यांत साखर वाढलेली निघते. पहिला संशय प्रयोगशाळेवर जातो. दुसरीकडे तपासणी होते. तेथेंहि आकडा तोच येतो. मग दैवाला बोल लावून झाला, कीं घरांतील एखादी वडील बाई म्हणते, ‘‘शेजारच्या तात्यांचें पोट पाहा, त्यांच्या दोन पावलें पुढें चालतें! त्यांना कांहीं नाहीं, आणि आमच्या काडीसारख्या माणसालाच हें कोठून आलें?’’

हा उद्गार केवळ भाबडेपणाचा आहे असें कोणीं समजूं नये. प्रमेहाच्या रोग्यांत एक स्थूल व बलवान आणि दुसरा कृश व दुर्बल असे दोन प्रकार चरकसंहितेंत सांगितले असून दोघांची चिकित्साहि निरनिराळी सांगितली आहे. म्हणजे कृश माणसाच्या मधुमेहाचें कोडें आपल्या वैद्यांपुढें फार प्राचीन काळापासून होतें. परंतु जो देह बाहेरून कृश दिसतो, तो आंतूनहि कृशच असतो काय, हा प्रश्न अलीकडच्या यंत्रांनीं प्रथम उभा केला. आणि त्याच्या उलगड्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्या पुण्यांत व पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत झाला आहे. हिंदुस्थानांत मधुमेह असलेल्या माणसांची संख्या १० कोटींच्या वर गेली असल्याचें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणींतून इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें आहे. तेव्हां हें कोडें आतां पंडितांपुरतें राहिलेलें नाहीं. तें आपल्या माजघरांत येऊन बसलें आहे.

दोन डॉक्टर, एक आकडा

इ. स. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय साप्ताहिकांत एक छोटेंसें टिपण दोन गृहस्थांच्या चित्रांसह प्रसिद्ध झालें. एक गृहस्थ पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, व दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. वजन व उंची यांचें प्रमाण दाखविणारा जो देहभारांक म्हणून आकडा आहे, तो दोघांचाहि अगदीं सारखा, म्हणजे २२.३ होता. कपडे घालून दोघे शेजारीं उभे राहिले असते, तर एक जाड आणि एक बारीक असें कोणीहि म्हटलें नसतें. परंतु क्ष-किरणांच्या विशेष यंत्रानें दोघांच्या देहांचें मापन केलें, तेव्हां युडकिनसाहेबांच्या शरीरांत मेदाचें प्रमाण शेंकडा ९.१ भरलें, आणि याज्ञिकांच्या शरीरांत तें शेंकडा २१.२ निघालें! युडकिनसाहेब मॅरॅथॉनच्या शर्यती धांवणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयांतील लिफ्टचें दार बंद होण्यापूर्वीं तेथवर पोंचण्याची रोजची धांवपळ, अशी थट्टा त्या टिपणांत त्यांनीं स्वतःच केली होती. पण थट्टेबरोबर आणखी एक गोष्ट नमूद केली होती, ती ही कीं, याज्ञिकांचें जन्माच्या वेळचें वजन कमी होतें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

हा देहभारांक काढणें सोपें आहे. किलोंत जें वजन भरेल त्याला मीटरमधील उंचीनें दोनदां भागावें. १६८ सेंटिमीटर उंचीच्या व ६५ किलो वजनाच्या गृहस्थाचा अंक सुमारें २३ येतो. या मापाचा मूळ जनक ॲडॉल्फ केतले हा बेल्जियन गणिती व ज्योतिषी. उंचीबरोबर माणसाचें वजन कोणत्या प्रमाणांत वाढतें याचा नियम त्यानें १८३२ च्या सुमारास मांडला. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधावयाचा होता. कोणाच्या अंगांत मेद किती, हा त्याचा प्रश्नच नव्हता. पुढें १९७२ मध्यें ॲन्सेल कीझ या अमेरिकन शास्त्रज्ञानें या मापाला आजचें नांव दिलें व तें जगभर रूढ झालें. मोठ्या समुदायाचा अंदाज घेण्यास तें उपयोगी आहे, यांत संशय नाहीं. परंतु वजनाचा कांटा हाड, मांस, मेद आणि पाणी हीं सारखींच तोलतो. वाण्यानें तांदूळ, तूप आणि गूळ एकाच टोपलींत घालून एकंदर वजन तेवढें सांगावें, तशांतला हा प्रकार. त्या टोपलींत तूप किती, हें त्या वजनावरून कसें कळणार?

मेद हा निर्जीव सांठा नव्हे

येथें कोणी विचारील कीं, अंगांत थोडा मेद अधिक असला तर बिघडलें काय? हें समजण्यासाठीं मेदाविषयींची जुनी समजूत प्रथम टाकली पाहिजे. मेद म्हणजे अंगावर चढलेला मुका लेप नव्हे. मेदाच्या पेशी रात्रंदिवस रक्तांत कांहीं द्रव्यें सोडीत असतात, व तीं द्रव्यें मेंदू, यकृत, स्नायू यांना निरोप पोंचवितात. अशा निरोप्या द्रव्यांस हार्मोन किंवा संप्रेरकें म्हणतात.

यांतील पहिल्या संप्रेरकाचा शोध एका उंदरापासून लागला. अमेरिकेंतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत १९४९ च्या सुमारास उंदरांची एक जात निपजली. तींतील कांहीं उंदीर अखंड खात व वारेमाप फुगत. पुढें डग्लस कोलमन या शास्त्रज्ञानें असा एक लठ्ठ उंदीर व एक साधा उंदीर यांचें रक्ताभिसरण शस्त्रक्रियेनें एकमेकांस जोडलें. तेव्हां लठ्ठ उंदराचें खाणें आवरलें. त्यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, साध्या उंदराच्या रक्तांत भूक आवरणारें कांहीं द्रव्य आहे व लठ्ठ उंदरांत त्याचा अभाव आहे. तें द्रव्य न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ मध्यें शोधून काढलें. बारीक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव लेप्टिन ठेवण्यांत आलें. आणि तें तयार होतें कोठें, तर खुद्द मेदाच्या पेशींत!

लेप्टिनचें काम कोठीवरील कारभाऱ्यासारखें आहे. कोठींत शिलकी किती आहे याची वर्दी तें मेंदूला देतें. मेद घटला कीं लेप्टिन उतरतें, मेंदू दुष्काळाची हांक ऐकतो, भूक वाढवितो आणि खर्च आवरतो. स्त्रियांची मासिक पाळी देखील अशा वेळीं थांबते. मेद वाढला कीं लेप्टिनहि वाढतें. परंतु लठ्ठ माणसाच्या रक्तांत तें भरपूर असूनहि त्याची भूक कमी होत नाहीं, कारण रोज ओरडणाऱ्या माणसाकडे घरांत जसें कोणी लक्ष देत नाहीं, तसा मेंदू त्या वर्दीला सरावतो. स्त्रियांच्या अंगांत निसर्गतःच मेद अधिक असल्यामुळें त्यांच्यांत लेप्टिनहि पुरुषांपेक्षां अधिक आढळतें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं.

दुसरें संप्रेरक ॲडिपोनेक्टिन. तें १९९५ पासून पुढल्या एकदोन वर्षांत निरनिराळ्या प्रयोगशाळांत सांपडलें. याचा स्वभाव उफराटा आहे. तेंहि मेदाच्याच पेशींत तयार होतें. पण मेद, विशेषतः पोटांतील मेद, जसजसा वाढतो तसतसें हें कमी होतें. तें भरपूर असलें म्हणजे इन्शुलिनचें काम सुरळीत चालतें. इन्शुलिन म्हणजे अन्नापासून झालेली साखर रक्तांतून पेशींत पोंचविणारें, स्वादुपिंडांतून निघणारें संप्रेरक, हें आतां बहुतेक घरांत ठाऊक आहे. ॲडिपोनेक्टिन उतरलें कीं पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात; स्वादुपिंडास अधिकाधिक इन्शुलिन गाळावें लागतें; आणि एक दिवस तें थकलें कीं काकांच्या रक्तांत साखर दिसूं लागते.

देशोदेशींचे देह

आतां मौज अशी आहे कीं, हा मेद व हीं संप्रेरकें सर्व लोकांत सारख्या हिशेबानें वांटलेलीं नाहींत. पॅसिफिक महासागरांतील पॉलिनेशियन लोक पाहा. ते धिप्पाड, रुंद हाडापेराचे. देहभारांक सारखा असलेला एक युरोपियन व एक पॉलिनेशियन घेतला, तर पॉलिनेशियनाच्या अंगांत मांस अधिक व मेद कमी भरतो. उलट, सिंगापूर येथें चिनी, मलायी व हिंदी अशा तिन्ही लोकांची तपासणी २००० च्या सुमारास झाली, तेव्हां एकाच देहभारांकाला या तिघांच्याहि अंगांत युरोपियनांपेक्षां अधिक मेद आढळला, आणि तिघांत पहिला नंबर हिंदी लोकांचा लागला. हा मान मिळाला नसता तर बरें झालें असतें! आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन लोकांत, तितक्याच देहभारांकाला, पोटाच्या आंतला मेद गोऱ्या लोकांपेक्षां कमी असतो.

लंडनच्या पश्चिमेस साउथॉल म्हणून वस्ती आहे. तेथें पंजाबी व इतर हिंदी लोक पुष्कळ राहतात. तेथील पाहणीचे निष्कर्ष १९९१ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत हिंदी उपखंडांतून आलेल्या लोकांत मधुमेह शेंकडा १९ च्या सुमारास, तर गोऱ्या लोकांत अवघा ४ च्या सुमारास आढळला. वजनांत दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो कमरेच्या घेरांत. कॅनडांत युरोपियन, चिनी, हिंदी उपखंडांतील व तेथील मूळचे रहिवासी अशा चार समाजांच्या रक्ताची तुलना झाली व ती २०१० मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांत लेप्टिन व ॲडिपोनेक्टिन यांचा मेळ सर्वांत प्रतिकूल निघाला तो आपल्या लोकांचा.

असें कां व्हावें? यावर २००७ मध्यें एक उपपत्ति मांडण्यांत आली. ती आपल्या जुन्या वाड्यांच्या व्यवस्थेवरून चांगली समजते. ज्या वाड्याची धान्याची कोठी मोठी, त्याच्या घरीं पीक कितीहि आलें तरी घर नीटनेटकें राहतें. कोठी लहान असेल, तर पोतीं प्रथम ओटीवर, मग माजघरांत आणि अखेर चुलीजवळ येऊन पडतात. मग घरांतल्यांना वावरणें कठीण. त्वचेखालील मेद ही शरीराची कोठी. ज्या लोकांची ही कोठी लहान, त्यांचा मेद थोड्याच वाढीनें ओसंडून पोटाच्या पोकळींत, यकृतांत व स्नायूंत शिरतो आणि तेथील कामकाज बिघडवितो. शेजारच्या तात्यांची कोठी मोठी असेल, काकांची लहान. जपानांतील सूमो मल्लांविषयींहि हेंच दिसून आलें आहे: अगडबंब देहाच्या त्या मल्लांचा मेद बहुतांशीं त्वचेखालीं असतो, पोटाच्या आंत फार नसतो, आणि याचें श्रेय त्यांच्या कठोर मेहनतीला देतात.

हे सर्व आकडे समुदायाच्या सरासरीचे आहेत, हें मात्र विसरूं नये. प्रत्येक हिंदी मनुष्याच्या पोटांत मेद लपलेला आहेच असें नाहीं, किंवा प्रत्येक गोरा सुरक्षित आहे असेंहि नाहीं. सरासरीवरून सावधगिरी शिकावी. माणसाचा निकाल सरासरीवरून लावूं नये.

दोष बीजाचा कीं क्षेत्राचा?

‘‘म्हणजे आमच्या रक्तांतच हें आहे,’’ असें म्हणून हातपाय गाळण्याचा मोह येथें होतो. तसें म्हणणारे शास्त्रज्ञहि होऊन गेले. जेम्स नील या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानें १९६२ मध्यें असें सुचविलें कीं, वारंवार दुष्काळ सोसलेल्या लोकांत मेद सांठविणारें काटकसरी बीज टिकून राहिलें असावें, व सुकाळ येतांच तेंच बीज घातक ठरत असावें. ॲरिझोनांतील पिमा लोकांचें उदाहरण यासाठीं नेहमीं देण्यांत येतें; कारण त्यांच्यांत मधुमेह अतोनात. परंतु याच पिमांचे भाऊबंद सरहद्दीपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरांत राहतात. शेतांत राबतात, मका व घेवडा खातात. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत अमेरिकेंतील पिमांत मधुमेह शेंकडा ३८, आणि मेक्सिकोंतील पिमांत अवघा ६.९ आढळला. सामोआ बेटावरील गोष्ट याहून चमत्कारिक. तेथील शेंकडा ४५ च्या सुमारास लोकांत आढळणारें, देह स्थूल करणारें एक बीज २०१६ मध्यें सांपडलें. पण ज्यांच्यांत तें आहे त्यांना मधुमेहाचा धोका उलट कमीच निघाला! सारांश, बीजाचा भाग आहे, पण सारा दोष बीजाच्या माथीं मारतां येत नाहीं.

मग क्षेत्राकडे, म्हणजे मातेच्या उदराकडे, शास्त्रज्ञांची दृष्टि वळली. इंग्लंडांतील हर्टफर्डशर परगण्यांत १९११ पासून परिचारिका घरोघर जाऊन बाळांचीं वजनें वहींत टिपून ठेवीत. त्या वह्या पुढें साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हातीं आल्या. ज्यांचें वजन बाळपणीं कमी होतें, ते उतारवयांत हृदयविकारानें अधिक संख्येनें गेले, असें त्यांवरून त्यांनीं १९८९ मध्यें दाखविलें. आणि मधुमेहाचेंहि मूळ तेथेंच असावें हें मत १९९२ मध्यें मांडलें. हॉलंडांत १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मनांच्या नाकेबंदीमुळें मोठा दुष्काळ पडला होता. त्या वेळीं जे गर्भावस्थेच्या पूर्वार्धांत होते, त्यांच्यांत एकोणिसाव्या वर्षीं लठ्ठपणाचें प्रमाण अधिक भरलें. गर्भांतील उपासमारीची आठवण शरीर पुसून टाकीत नाहीं, असाच याचा अर्थ.

पुण्याजवळचीं सहा खेडीं

हा धागा पकडून डॉ. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ मध्यें पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यासास आरंभ केला. तेथील तरुण विवाहित स्त्रियांचीं मापें दिवस राहण्यापूर्वींपासून घेतलीं. गरोदरपणीं त्या काय खातात, किती राबतात, हें टिपलें. व पुढें जन्मलेल्या बाळांचीं मापें घेतलीं. माता सरासरी २१ वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या व अवघ्या ४२ किलोंच्या आसपास वजनाच्या. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. साउथॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचें ३.५ किलो.

बाळें लहान निघालीं यांत नवल नव्हतें. नवल पुढेंच होतें. बाळ लहान, तर त्याचें सर्वच लहान असावें अशी आपली कल्पना. पण मापें तसें सांगत नव्हतीं. पोटाचा घेर, ज्यावरून यकृतादि इंद्रियांची वाढ कळते, तो सर्वांत कमी. दंडाचा घेर, ज्यावरून मांस कळतें, तोहि फार कमी. उंची व डोकें यांच्या मधलें. आणि खवाट्याखालील कातडीची चिमटींत घेऊन मोजलेली जाडी, जी मेदाची खूण, ती मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांच्या बरोबरीची! गर्भांत जी टंचाई झाली तिचा भुर्दंड मांसानें व इंद्रियांनीं भरला, मेद तेवढा राखला गेला. २००३ मध्यें हे आकडे प्रसिद्ध झाले, व असल्या बाळाला ‘कृश पण मेदयुक्त’ बाळ असें नांव पडलें. ‘‘हाडापेरानें लहान आहे, पण गालांनीं कसें गोंडस!’’ असें बाळंतिणीच्या खोलींत डोकावून म्हणणाऱ्या आजीबाईंनीं न कळत तेंच निदान केलें होतें.

संप्रेरकेंहि हीच साक्ष देतात. पुण्यांतील व लंडनमधील नवजात बाळांच्या नाळेंतील रक्ताची तुलना २००२ मध्यें प्रसिद्ध झाली. पुण्याचीं बाळें वजनानें पाऊण किलोच्या आसपास कमी. तरीहि त्यांच्या रक्तांत इन्शुलिन अधिक, आणि लेप्टिन जवळजवळ तितकेंच. म्हणजे काकांना पन्नाशींत जी व्याधि जडली, तिची पूर्वतयारी पहिला श्वास घेण्याच्या आधींच सुरू झालेली असूं शकते. पुढें २००९ मध्यें चुंबकीय यंत्रानें घेतलेल्या छायाचित्रांतहि हिंदी बाळांच्या पोटांत अधिक मेद दिसला.

त्या सहा खेड्यांतील बाळें आतां मोठीं झालीं. अठराव्या वर्षीं त्यांची तपासणी झाली, तींतील आकडे प्रत्येक पालकानें वाचावे असे आहेत. शेंकडा ४८ जणांचा देहभारांक १८.५ च्याहि खालीं, म्हणजे तीं रूढ अर्थानें हडकुळींच होतीं. आणि तरीहि शेंकडा ३७ मुलांच्या व १८ मुलींच्या रक्तांतील साखर प्रमाणाबाहेर गेलेली होती.

ही ठेवण एका पिढींत पुसली जात नाहीं, हें दूर सुरिनामांत दिसून आलें. ‘लालारुख’ जहाजांतून मजुरांची पहिली तुकडी हिंदुस्थानांतून १८७३ मध्यें तेथें उतरली. त्या लोकांच्या चौथ्या-पांचव्या पिढींतील बाळांचीं मापें २००९ मध्यें प्रसिद्ध झालीं. तीं पुण्याच्या बाळांहून वजनदार होतीं, परंतु मांस कमी व मेद राखलेला ही ठेवण त्यांच्यांतहि कायम होती. वजन आधीं सुधारतें. घडण सुधारावयास अनेक पिढ्या लागतात.

मग करावें काय?

पहिली गोष्ट, कांट्याबरोबर शिंप्याची फीतहि घरांत असावी. आशियांतील लोकांसाठीं २३ या अंकापासूनच सावध व्हावें असें जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००४ मध्यें सुचविलें. आणि आपल्याकडील वैद्यांनीं २००९ मध्यें २५ च्या पुढें स्थूलता व कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या पुढें गेल्यास धोका, अशी मर्यादा ठरविली. घरांत कोणास मधुमेह असेल, तर बारीक आहों या भरंवशावर न राहतां रक्त वेळोवेळीं तपासून घ्यावें.

दुसरी गोष्ट, मांस वाढवावें. रक्तांतील साखरेचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक म्हणजे स्नायु. आपल्या पांढरपेशा घरांत मेहनत ही दुसऱ्यांनीं करावयाची गोष्ट समजली गेली. सूर्यनमस्कार व जोर-बैठका मुंजीबरोबर सुरू होऊन नोकरीबरोबर संपूं लागल्या. त्या चालू राहिल्या पाहिजेत, आणि मुलींनींहि त्या कराव्या.

तिसरी गोष्ट, लहान वजनाच्या बाळाला तूप-साखर कोंबून घाईनें बाळसें आणूं नये. दिल्लींतील एका दीर्घ अभ्यासांत, २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, असें दिसलें कीं ज्यांना तरुणपणीं मधुमेह झाला ते बहुधा पहिल्या दोन वर्षांत बारीक असून पुढें बाळपणांत भराभर भरत गेलेले होते. बाळ उंचीनें व मांसानें वाढावें, गालांनीं नव्हे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मोठी. सहा खेड्यांतील मातांनीं एकंदर किती खाल्लें, यावर बाळाची वाढ तितकीशी अवलंबून दिसली नाहीं. ज्यांच्या जेवणांत पालेभाजी, फळें व दूध वारंवार होतें, त्यांचीं बाळें मोठीं निपजलीं. आणि ज्या अतोनात राबत होत्या, त्यांचीं लहान. शिवाय त्या मातांपैकीं सुमारें दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व अपुरें होतें. ज्यांच्यांत ब-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक आढळली. हें जीवनसत्त्व भाजी-भाकरींत नसतें. दूध, दहीं, अंडीं, मांस, मासे यांतच तें मिळतें. शाकाहार पाळणाऱ्या आपल्या घरांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. शाकाहार सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या घरांत अंडेंहि वर्ज्य, त्या घरांत दूध-दहीं ही चैन नसून गरज आहे, व रक्तांत ब-१२ कमी निघाल्यास डॉक्टरांकडून त्याची पूर्ति करून घेण्यांत कोणत्याहि व्रताचा भंग होत नाहीं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत यावर एक प्रयोग झाला. कांहीं स्त्रियांस पालेभाजी, फळें व दूध घालून केलेला खाऊ रोज देण्यांत आला, व कांहींना बटाटा-कांद्यासारख्या जिनसांचा. सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तेव्हां बाळांच्या वजनांत ठाम फरक दिसला नाहीं. पण ज्यांनीं दिवस राहण्यापूर्वीं निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांचीं बाळें सरासरी ४८ ग्रॅम अधिक भरलीं. फार कृश मातांत हा लाभ दिसला नाहीं. गरोदरपणीं होणारा मधुमेह मात्र शेंकडा १२.४ वरून ७.३ वर आला. यावरून दोन गोष्टी दिसतात: उपाय आहे, आणि डोहाळजेवणाच्या वेळीं तो सुरू करणें म्हणजे उशीर झाला. मुलगी वयांत येते तेव्हांपासूनच तिच्या खाण्याकडे लक्ष हवें.

आपल्या एकत्र कुटुंबांचे गुण आम्ही जाणतों. त्यांत बाळाला दहा हात मिळतात व म्हाताऱ्याला आधार. पण ज्या घरांत पुरुष व मुलें जेवून उठल्यावर सर्वांच्या शेवटीं सुना पानावर बसतात, त्या घरांत दुधाचें भांडें तोंपर्यंत बहुधा रिकामें झालेलें असतें व पालेभाजी तळाला गेलेली असते. उरलेल्या भातावर ताक घेऊन ती सून हंसतमुखानें उठते, आणि कोणाच्या तें लक्षांतहि येत नाहीं. काकांच्या रक्तांत साखर कोठून आली याचा शोध घेत निघालेले शास्त्रज्ञ तीस वर्षांनीं त्या ताटाशीं येऊन पोंचले आहेत. त्यांना तेथपर्यंत येण्यास यंत्रें लागलीं. घरांतील सासूबाईंस व मामंजींस तीं लागणार नाहींत. उद्यां सकाळीं दूध तापवितांना एक पेला प्रथम तिच्यासाठीं बाजूस काढून ठेवावा, आणि जेवणाची पंगत एकच करावी. एवढें झालें, तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.